जागेच्या मापाचे विमान

माहीम स्टेशनपासून सांताक्रूझ विमानतळाची हद्द सरळ रेषेत मोजली तर साधारण पाच किलोमीटरवर येते. शिवाजी पार्क तिथून आणखी दीड-एक किलोमीटर दक्षिणेला. लहान विमाने बनवून उडवण्याच्या छंदाबद्दल माहीम-दादरमध्ये जे काही बोलायचे, ते या दोन आकड्यांपासूनच सुरू करावे लागते. वाढदिवसाला एखाद्या मुलीला रिमोटवरचे विमान मिळते, इंजिनिअरिंगची मुले थर्माकोलचे पंख कापून त्यावर मोटर बसवतात, निवृत्त झालेले गृहस्थ शाळकरी वयात अर्धा राहिलेला बाल्साचा सांगाडा पुन्हा हातात घेतात. आणि विमान तयार झाले की सगळे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात : हे उडवायचे कुठे?

या प्रश्नाची जितकी उत्तरे दिली जातात ती सगळी एकदा नीट तपासून पाहावीत, एवढ्यासाठी हा आढावा. माझे मत मात्र आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे आधी विमान बनते किंवा विकत येते आणि मग जागेचा शोध सुरू होतो. माहीमसारख्या वस्तीत हा क्रम उलटा हवा. आधी जागा मोजावी, मग त्या मापाचे विमान बनवावे. असे केले तर माहीममध्ये उडवायला जागा आहे, आणि ती बहुतेक छताखाली आहे.

पहिला अडसर कायद्याचा. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ड्रोन नियम अधिसूचित केले. नाव ड्रोनचे असल्यामुळे पंखांच्या विमानाला ते लागू नाहीत असा समज पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. वैमानिक आत न बसता दुरून किंवा आपोआप चालवता येणारे कोणतेही विमान या नियमांत मोडते, मग त्याला चार पंखे असोत की एक. वजनाप्रमाणे वर्ग आहेत : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. छंद करणाऱ्यांना यात बरीच सूट दिलेली आहे, हेही सांगायला हवे. शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. नॅनोसाठी, आणि व्यवसायासाठी नसेल तर मायक्रोसाठीही, चालक-परवाना लागत नाही.

म्हणजे विमानाचा प्रश्न कायद्याने सोपा केला आहे. अडते ते आकाशापाशी. देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागले आहे. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, कुणाची परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यात ही उंची निम्मी होते, २०० फूट. ८ किलोमीटरच्या आत आलो की जमिनीपासूनच परवानगी हवी, आणि विमानतळाला अगदी लागून असलेला भाग तर लालच. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. आता माहीमचा आणि शिवाजी पार्कचा आकडा पुन्हा पाहा. दोन्ही ८ किलोमीटरच्या आत आहेत. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

याच्यावर शहराचा आणखी एक थर आहे. मुंबई पोलीस वेळोवेळी प्रतिबंधात्मक आदेश काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. त्यांत ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्याबरोबर रिमोटवर चालणाऱ्या छोट्या विमानांचाही उल्लेख असतो. आदेश साधारण महिनाभराचा असतो, पण एक संपताच दुसरा निघतो असा अनुभव आहे. दक्षिणेकडे सरकून विमानतळापासून लांब जावे म्हटले, तर तिकडे नौदलाची ठिकाणे आणि त्यांच्याभोवतीचा निषिद्ध परिसर आहे. २६ नोव्हेंबर २००८ पाहिलेल्या शहरात हे आदेश का निघतात ते कुणाला समजावून सांगायला नको. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि पहाटे कोण बघतो म्हणून गुपचूप उडवणे तर अजिबात योग्य नाही.

तेव्हा रिमोटचे विमान माहीममध्ये उघड्यावर उडवायचे नाही. इथून पुढे मी त्याचा विचार सोडून देतो.

राहिले काय? राहिले ते पुष्कळ आहे. हाताने फेकायचे ग्लायडर, रबर पिळून त्याच्या जोरावर उडणारे विमान, कागदी विमान. ही दुरून चालवली जात नाहीत आणि त्यांच्यात आपोआप चालवणारी यंत्रणाही नसते. त्यामुळे माझ्या वाचनाप्रमाणे ती ड्रोनच्या व्याख्येत बसत नाहीत. या विमानांना कमी दर्जाचे समजू नये. आल्फॉन्स पेनो या तरुण फ्रेंच माणसाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या तुइलेरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारे विमान उडवून दाखवले. ते सुमारे ४० मीटर गेले, ११ सेकंद हवेत राहिले, आणि शेपटीच्या जोरावर स्वतःला सावरत राहिले. पेनोने केलेल्या रबरी हेलिकॉप्टरसारखे खेळणे पुढे १८७८ च्या सुमारास राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांना आणून दिले. विमानविद्येचा पाया रबराच्या पिळावर घातला गेला आहे.

आता जागेच्या मापाकडे येऊ. हे गणित प्रत्येक छांदिष्टाने एकदा स्वतः करून पाहावे, कारण दुकानदार ते सांगत नाही. विमान किती वेगाने उडणार हे त्याच्या वजनापेक्षा वजन आणि पंखांचे क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरावर ठरते. दर चौरस डेसिमीटरला किती ग्रॅम, अशा मापात हे गुणोत्तर मोजतात. ते चौपट झाले की वेग दुप्पट होतो. आणि वळायला लागणारे वर्तुळ? ते वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजेच या गुणोत्तराच्या सरळ प्रमाणात. नवशिक्यांचे नेहमीचे ट्रेनर विमान घ्या : दीड किलो वजन, ३० चौरस डेसिमीटर पंख, म्हणजे ५० ग्रॅम. ते सेकंदाला साधारण ११ मीटर वेगाने जाते आणि ३० अंश कलून वळले तरी वर्तुळाचा व्यास ४० मीटरच्या पुढे जातो. त्याउलट ४० ग्रॅमचे, ८ चौरस डेसिमीटर पंखांचे फोमचे विमान घ्या. गुणोत्तर ५. वेग सेकंदाला साडेतीन मीटर, आणि तेवढेच कलून वर्तुळाचा व्यास साधारण साडेचार मीटर. बॅडमिंटनचे कोर्ट ६.१० मीटर रुंद असते. पहिल्या विमानाला मैदान अपुरे पडते, दुसरे कोर्टाच्या रुंदीत फिरते.

सुरक्षिततेचे गणितही याच आकड्यांतून निघते. दीड किलोचे ट्रेनर ११ मीटर वेगाने आदळले तर सुमारे ९० ज्यूल ऊर्जा सोडते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १०८ किलोमीटर वेगाने आला तर ७२ ज्यूल. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणाऱ्याला चेंडू डोक्यात बसणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. हे विमान त्याहून जड आघात करते आणि त्याच्या पुढच्या टोकाला फिरते पाते असते. ४० ग्रॅमच्या फोमच्या विमानाची ऊर्जा पाव ज्यूलसुद्धा होत नाही.

एवढे मनाशी धरून आता जागा पाहू. शिवाजी पार्क सगळ्यात आधी, कारण पहिले नाव तेच घेतले जाते. १९२५ साली माहीम पार्क म्हणून ते लोकांना खुले झाले. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. क्षेत्रफळ १,१२,९३७ चौरस मीटर, सुमारे २८ एकर. कागदावर ही जागा ट्रेनरलाही पुरेल. प्रत्यक्षात एका वेळी किती सामने आणि किती नेट चालू असतात ते रविवारी सकाळी उभे राहून पाहावे. सीमारेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, कडेने चालणाऱ्यांची रांग असते, कट्ट्यावर म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात. मे २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पार्क शांतता क्षेत्र ठरवले. तिथे दिवसा ध्वनीची मर्यादा ५० डेसिबल आहे, त्यामुळे इंधनावरच्या छोट्या इंजिनाचा प्रश्नच मिटतो. पण हाताने फेकायच्या ग्लायडरला आणि रबरी विमानाला पार्क उत्तम आहे. वेळ तेवढी साधायला हवी : सूर्योदयाच्या आसपासचा तास, आठवड्याच्या मधला दिवस, नेट लागण्यापूर्वी. त्या वेळी वारा जवळजवळ पडलेला असतो.

वाऱ्याबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण मुंबईत विमाने मोडतात ती बहुतेक त्याच्यामुळे. दिवस वर येतो तशी जमीन तापते आणि समुद्राकडून वारा सुटतो. दुपारी तो ताशी १५-२० किलोमीटरला सहज पोचतो. सेकंदाला साडेतीन मीटर म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटर. तेव्हा आपले हलके विमान वाऱ्याच्या तोंडावर धरले तरी मागेच जाणार आणि पार्काभोवतीच्या झाडांत अडकणार. पहाटे मात्र जमिनीवरून समुद्राकडे जाणारी झुळूक असते, ती मंद असते. पार्काच्या पूर्वेच्या अंगाने सोडलेले ग्लायडर त्या वेळी मैदानाच्या मध्यात उतरते. घारींचेही लक्ष ठेवावे. ऊन चढून हवा वर उठू लागली की त्या घिरट्या घालू लागतात, आणि हवेत तरंगणाऱ्या वस्तूच्या जवळ येऊन पाहण्याची त्यांना सवय असते. घार वर दिसली की विमान खाली ठेवणे हा साधा नियम.

माहीमची चौपाटी हे दुसरे नाव. रेती बंदरापासून किल्ल्याच्या बाजूपर्यंतचा किनारा लांब आहे पण रुंद नाही, आणि त्याची रुंदी भरती-ओहोटीवर अवलंबून आहे. मुंबईत उधाणाच्या भरतीत पाणी चार मीटरच्या वर चढते. ओहोटीला उघडी पडणारी वाळू ओली आणि खारट असते. कागद लावलेले पंख तिथे एकदा टेकले की फुगतात. शिवाय हा किनारा माहीमच्या कोळीवाड्याचा आहे. होड्या, जाळी, वाळत घातलेले सामान यांच्यावरून विमान भिरभिरवणे शिष्टाचाराला धरून नाही. समोर वांद्रे-वरळी सागरी सेतूची वाहतूक असते. चौपाटी नको, हे माझे स्पष्ट मत. चौपाट्यांचा विषय निघाला की १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगावच्या वाळूवर उडवलेल्या विमानाची गोष्ट कुणीतरी काढतेच. तिला त्या काळातला विश्वासार्ह पुरावा नाही, आणि या कथेशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्रातली विमाने उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला आहे. जागेच्या शोधात ती गोष्ट उपयोगाची नाही.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान जवळ आहे, पण ते पक्ष्यांसाठी आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातली मोकळी मैदाने विमानतळाला आणखी जवळ पडतात. माटुंग्याच्या पाच उद्यानांत झाडे दाट आहेत. परळ-लालबागची मैदाने लहान आणि कायम भरलेली. शाळा-कॉलेजांची आवारे मात्र वेगळ्या कारणाने पाहण्यासारखी आहेत. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि त्यात कंट्रोल लाइन नावाचा प्रकार शिकवतात. उडवणारा मध्यभागी उभा राहतो आणि दोन बारीक तारांनी विमान हाताशी बांधलेले असते. तार १५ ते २० मीटरची. विमान त्या वर्तुळाबाहेर जाऊच शकत नाही आणि तारेच्या लांबीपेक्षा उंचही जात नाही. चाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाचे, लोकांना पूर्ण बंद केलेले आवार आणि वरून वीजवाहिनी नसलेले आकाश एवढे असले की काम भागते. हा प्रकार आता मागे पडला आहे, रिमोट स्वस्त झाला म्हणून. माहीमसारख्या ठिकाणी तो परत यावा असे मला मनापासून वाटते. मात्र तो शाळेच्या किंवा एनसीसीच्या देखरेखीखाली, पोलिसांचा त्या दिवशीचा आदेश पाहून आणि स्थानिक ठाण्याला कळवूनच.

आता छताखाली जाऊ. इथेच या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

जगात छताखालचे उड्डाण हा पूर्ण वाढलेला खेळ आहे. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ-वन-डी वर्गातले विमान ५५ सेंटीमीटर पंखांचे असते आणि त्याचे वजन कमीत कमी १.४ ग्रॅम ठेवावे लागते. रबर फक्त ०.४ ग्रॅम. एवढ्या रबरावर ते वीस मिनिटांहून अधिक हवेत राहू शकते. माणूस शेजारून चालत गेला तरी त्याचा मार्ग बदलतो. ही विमाने रोमानियात स्लानिकच्या मिठाच्या खाणीत, जमिनीखाली दोनशे मीटरवर, पन्नास मीटरहून उंच दालनात उडवतात. इंग्लंडमध्ये कार्डिंग्टनच्या हवाई जहाजांच्या कोठारात उडवली गेली, अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या वेस्ट बाडेन स्प्रिंग्ज या जुन्या हॉटेलच्या घुमटाखाली उडवली गेली. म्हणजे यांतली एकही जागा विमानांसाठी बांधलेली नव्हती. खाण, कोठार, हॉटेल. ज्यांना उडवायचे होते त्यांनी शहरातली आणि शहराबाहेरची उंच छपरे शोधली आणि परवानगी मागितली.

या खेळातला एक नियम आपल्या फार कामाचा आहे. विक्रम छताच्या उंचीप्रमाणे वेगवेगळे धरले जातात : ८ मीटरपेक्षा कमी, ८ ते १५, १५ ते ३०, आणि ३० मीटरच्या वर. बुटक्या छताखाली उडवणाऱ्याची स्पर्धा बुटक्या छताखालच्यांशीच. शाळेच्या सभागृहात उडवणारा मुलगा जगाच्या यादीत पहिल्या वर्गात आपले नाव पाहू शकतो. कागदी विमानांचे मोठे विक्रमही छताखालचेच आहेत. २०१० मध्ये जपानच्या ताकुओ तोदा यांनी घडीचे विमान २९.२ सेकंद हवेत ठेवले, आणि २०१२ मध्ये अमेरिकेत जॉन कॉलिन्स यांनी घडी घातलेले विमान जो अयूब यांनी हवाई तळाच्या हँगरमध्ये ६९.१४ मीटर फेकले.

माहीमपासून बसने किंवा पायी जाता येईल अशा अंतरावर छपरे कोणती? सगळ्यात जास्त आहेत ती शाळांची सभागृहे. त्यांची उंची बहुधा चार ते सहा मीटर, लांबी पंधरा-वीस मीटर. रविवारी ती बंद असतात. त्यानंतर बॅडमिंटन हॉल. या खेळाला साधारण नऊ मीटर मोकळी उंची लागते, म्हणून चांगला हॉल दुसऱ्या वर्गात जातो. भिंती सरळ, तुळया वर, पंखे नाहीत, वातानुकूलन असले तरी खेळासाठी झोत मंद ठेवलेला. हलक्या विमानाला लागणारी स्थिर हवा नेमकी तिथे मिळते. अडचण एवढीच की कोर्ट तासातासाने विकले जातात आणि विमानवाल्यांना कोर्ट देण्याची कुणाला सवय नाही. दुपारी दोन ते चार ही मंदीची वेळ मागून पाहावी.

एका जागेकडे मात्र कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही : मंगल कार्यालये. मुंबईत जून ते सप्टेंबर उघड्यावर काहीच उडवता येत नाही. पाऊस नसला तरी हवेतला दमटपणा बाल्साला आणि कागदाला सैल करतो. आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नांचे मुहूर्त जवळजवळ थांबतात. म्हणजे विमानाला छताची सर्वांत जास्त गरज असते त्याच महिन्यांत दादर-माहीमची लग्नाची सभागृहे रिकामी असतात. साड्यांची प्रदर्शने आणि मुंजीची बोलणी सोडली तर आठवड्याचे मधले दिवस मोकळेच. व्यवस्थापकाशी वर्षाची बोलणी करून पावसाळ्यातल्या चार सकाळी मागितल्या, तर भाडे लग्नाच्या दिवसासारखे नसावे. झुंबरे आणि छताचे पंखे हा धोका आहे. पंखे आधी बंद करून घ्यावेत आणि विमान अडकले तर काढायला फुगे बांधलेली काठी सोबत ठेवावी. शिडी लावून चढायचे नाही, हे मुलांना आधीच सांगावे.

मोठी छपरेही आहेत. वरळीचा एनएससीआय डोम उंचीने आणि घेराने शहरातल्या उत्तम जागांपैकी आहे, पण तो मोठ्या कार्यक्रमांसाठी दिला जातो. त्याचा विचार वर्षातून एकदाच्या स्पर्धेसाठी करावा. गिरण्यांची शेड गेली, हे दुःख वेगळे. त्यांच्या जागी परळला मॉल उभे राहिले आणि त्यांच्या मध्यभागी चार-चार मजले उंच मोकळे चौक आहेत. सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी दोन तास तिथे कुणी नसते. हॉटेलच्या घुमटाखाली उडते तर मॉलच्या चौकात का उडू नये? मॉलवाले मुलांसाठी सुट्टीत इतके कार्यक्रम घेतात. त्यांना हा एक सुचवून पाहावा. नव्या इमारतींच्या पार्किंगचे मजले मात्र उपयोगाचे नाहीत. छत अडीच-तीन मीटर, खांब दाट, आणि गाड्या. तिथे फार तर चालत-चालत पुठ्ठ्याच्या झोतावर तरंगवायचे फोमचे ग्लायडर जमेल. तेही सुंदर असते : एक ग्रॅमपेक्षा हलका फोमचा तुकडा, मागे धरलेला पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावरून वर चढणारी हवा. पाच वर्षांच्या मुलालाही ते साधते.

हॉल पाहायला जाताना काय बघायचे? उंची टेपने नव्हे तर धागा बांधलेल्या फुग्याने मोजावी, कारण सर्वांत खालची तुळई किंवा दिवा हीच खरी उंची. अगरबत्ती पेटवून चारही कोपऱ्यांत धूर कसा जातो ते पाहावे; धूर सरळ वर गेला तर हवा स्थिर. कबुतरांसाठी जाळी लावली आहे का ते पाहावे, कारण जाळीत अडकलेले पंख सलग निघत नाहीत. आणि जमीन. फरशीवर पडलेले विमान गाद्यांवर पडलेल्या विमानापेक्षा लवकर मोडते. व्यायामशाळेच्या हॉलचा हा फायदा.

छताखाली रिमोटचे विमानही उडवता येते, ५० ग्रॅमच्या आतले, फोमचे. पूर्वी दोघांच्या रिमोटची वारंवारिता एक झाली की एकाचे विमान पडत असे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली देशात परवानामुक्त झाला आणि त्यावर चालणारे आजचे रिमोट एकमेकांत मिसळत नाहीत. एका हॉलमध्ये तिघे-चौघे एकदम उडवू शकतात. पण सुरुवात रबरापासून करावी असा माझा आग्रह आहे. रबरी विमान चालवायला कुणी नसते, त्यामुळे तोल बनवतानाच साधावा लागतो. नाकाला किती माती लावायची, पंखाची कड किती वाकवायची, पीळ किती द्यायचे, हे ज्याला कळले त्याला विमान कळले.

ज्यांना मोठेच विमान उडवायचे आहे त्यांनी माहीम सोडावे, आणि मनापासून सोडावे. पश्चिम रेल्वेवर वसई-विरारच्या पूर्वेकडची शेते, मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढे नेरळ-कर्जतपर्यंतचा पट्टा. भातकापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकते आणि डिसेंबरपासून मेपर्यंत शेते मोकळी असतात. सगळीच नव्हेत, रायगड-ठाण्यात भातानंतर वाल किंवा हरभरा पेरलेला असतो. तेव्हा शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पाय टाकू नये आणि रिकामे शेत दिसते म्हणून ते कुणाचे नाही असे समजू नये. बांध आणि धसकटे असल्याने चाकांवर उतरण्यापेक्षा पोटावर उतरणारे विमान बरे. उच्चदाबाच्या तारा सगळीकडे आहेत, त्या आधी हेराव्यात. लिथियमची बॅटरी आपटून पेटली तर मार्चमधले वाळलेले गवत क्षणात धरते. वाळूची बादली सोबत हवीच. अंबरनाथचा आयुध कारखाना, माथेरानचा संवेदनशील परिसर, तुंगारेश्वरचे अभयारण्य अशी वगळायची ठिकाणे नकाशावर आधी पाहून घ्यावीत.

या पट्ट्यात एक मोठा बदल नुकताच झाला आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. त्याभोवतीही आता तीच कडी लागू होतात. उलवे, पनवेल, खारघरच्या बाजूला जी मोकळी जमीन जुन्या माहितीवर सुचवली जाते ती आता तपासल्याशिवाय वापरता येणार नाही. आणि प्रवास? दोन मीटरचा पंख लोकलमध्ये नेता येत नाही. पंख दोन तुकड्यांत बनवावा, सव्वा मीटरच्या पेटीत मावेल असा, आणि पहाटेच्या पहिल्या गाड्यांपैकी एक धरावी. इथेही जागाच विमानाचे माप ठरवते.

संस्थांबद्दल थोडे. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टसारख्या उत्सवांमुळे कॉलेजच्या मुलांत विमाने बनवण्याची हौस वाढली, पण ती कॉलेजच्या चार वर्षांपुरती राहते. स्पर्धा झाली की विमान माळ्यावर जाते, कारण घराजवळ उडवायला जागा नाही. माटुंग्याला व्हीजेटीआय आहे, चुनाभट्टीला १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे, वरळीला १९८५ पासून नेहरू विज्ञान केंद्र आहे. माहीमपासून यांपैकी एकही जागा अर्ध्या तासाच्या फार पुढे नाही. शाळांची सभागृहे, या संस्थांतले जाणकार आणि घरोघरचे छांदिष्ट यांना एकत्र आणणारे कुणी नाही, एवढीच खरी उणीव आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या १२० एकरांवर महापालिका मोठे उद्यान करणार आहे. त्याच्या आराखड्यात एक उंच बंदिस्त क्रीडागृह असावे आणि त्याच्या वापराच्या यादीत हलक्या विमानांचे नाव असावे, अशी सूचना नागरिकांनी आताच करायला हवी. बांधून झाल्यावर उपयोग नाही.

पण उद्यानाची वाट पाहत बसायचे कारण नाही. माहीम, दादर, माटुंग्याच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे : महिन्यातून एक रविवार, सकाळी आठ ते अकरा, तुमचे सभागृह पंखे बंद करून द्या. वीज फारशी लागणार नाही, आवाज होणार नाही, भिंतीला ओरखडा पडणार नाही. आणि ज्या वाचकांच्या घरी माळ्यावर एखादे विमान पडून आहे त्यांनी या पावसाळ्याआधी जवळच्या एका शाळेत जाऊन विचारावे. पाच-सहा घरांनी मिळून विचारले तर अधिक चांगले. एका पत्रावर सहा सह्या असल्या की शाळेला हो म्हणायला सोपे जाते.